गुडघ्याचं निमित्त

बायकोच्या स्कूटरवर मागे बसताना हात कुठे ठेवायचे, हा प्रश्न मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पडला. तिच्या खांद्यावर ठेवले तर ती म्हणते, जड होतात. मागच्या दांडीला धरलं तर पाठ ताठ होते आणि आपण उगाच कवायतीला निघाल्यासारखे दिसतो. शेवटी ऑफिसची बॅग मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी तीच धरायची, असं मी ठरवलं. कर्वेनगरातल्या आमच्या गल्लीपासून मुख्य रस्ता काही लांब नाही. तिथे मला खराडीला नेणारी ऑफिसची बस मिळते आणि बायको पुढे तिच्या शाळेत जाते. पण तेवढ्या अंतरातही ओळखीचं कोणी ना कोणी दिसतंच. म्हणून मी घरातूनच हेल्मेट घालून निघतो आणि काच खाली ओढतो. हेल्मेटबद्दल इतकी आस्था असलेला मागच्या सीटवरचा माणूस पुण्यात मी एकटाच असेन.

बायकोला गाडी मीच शिकवली. ती हळू चालवते, चौक आला की दोन्ही पाय खाली सोडते आणि समोर कोणी नसलं तरी हॉर्न वाजवते. यावरून मी तिची वीस वर्षं थट्टा केली. चार लोक जमले की म्हणायचो, हिच्या मागे बसण्यापेक्षा चालत निघावं, वेळेवर तरी पोहोचतो. लोक हसायचे, तीही हसायची. आता मी रोज तिच्या मागे बसतो आणि तिने त्यातलं एक अक्षरही कधी मला ऐकवलेलं नाही. ऐकवलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

गाडी चालवणं हा माझ्यासाठी नुसता येण्याजाण्याचा मामला नव्हता. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये खांब जास्त आणि जागा कमी आहे. एकामागे एक गाड्या लागतात, त्यामुळे सकाळी कोणाला निघायचं असलं की आधी दुसऱ्या कोणाची तरी गाडी हलवावी लागते. ते काम माझं. कोणी नेमलं नव्हतं, पण दोन खांबांच्या मधून एका दमात गाडी मागे घेणारा इमारतीत मीच होतो. लोक खिडकीतून हाक मारायचे आणि किल्ली वरून टाकायचे. ती झेलून, गाडी काढून देऊन, मग मी माझ्या कामाला जायचो. पगार मला ऑफिसात हिशेब तपासण्याचा मिळत होता, पण मान मिळायचा तो पार्किंगमध्ये.

एका दसऱ्याला हे सगळं संपलं. सकाळी गाडी धुतली होती. झेंडूचा हार, नारळ, हळदकुंकवाचं ताट घेऊन आम्ही खाली पूजेला जाणार होतो. ताट माझ्या हातात होतं, इतकंच मला आठवतं. त्यानंतर आठवतं ते फरशीवर आडवा असल्याचं. बायको माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, मुलगी दाराशी भिंतीला टेकून उभी होती आणि आई वाकून माझी उजवी मूठ दोन्ही हातांनी आवळून धरत होती. मुठीत काहीतरी टोचत होतं. ती माझ्याच गाडीची किल्ली होती. आकडी आलेल्याच्या हातात लोखंड द्यावं, म्हणजे उतरते, असं आईच्या माहेरी करत. दाराशेजारच्या खिळ्यावरून हाताला लागली ती किल्ली तिने काढली होती. माझी पँट ओली झाली होती. मुलीने ते पाहिलं होतं, आणि तिने पाहिलंय हे मी पाहिलं. कुंकू सगळ्या फरशीवर सांडलं होतं. त्या दिवशी गाडीची पूजा झाली नाही.

डॉक्टर शांत, मोजकं बोलणारे होते. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. पन्नाशीतही पहिल्यांदा येऊ शकते, म्हणाले. किल्ली, कांदा, चप्पल यातलं काही करायचं नाही, माणसाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करायच्या आणि थांबायचं, असं त्यांनी बायकोला नीट समजावलं. मग माझ्याकडे वळून सांगितलं, गाडी बंद, दुचाकी आणि चारचाकी दोन्ही. आपल्याकडे आकडी येणाऱ्याला परवाना मिळत नाही, अर्जातच तसं विचारतात. पुढे काय होईल त्याबद्दल आज आश्वासन देणार नाही. मी विचारलं, आमच्या कॉलनीतल्या कॉलनीत, अगदी हळू चालवली तर?

"तुम्ही हळू चालवाल हो," डॉक्टर म्हणाले. "पण शुद्ध काही सांगून जात नाही."

घरी आल्यावर आईने एकच गोष्ट सांगितली. हे बाहेर कोणाला कळता कामा नये, पोरीचं लग्न व्हायचंय. बापाला आकडी येते म्हटल्यावर कोण दारात उभं राहील? बायको म्हणाली की असल्या गोष्टी लपवायचे दिवस गेले. पण आईचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी मान डोलावली होती. मुलगी तेव्हा बारावीत होती. तिचं लग्न कुठे, आम्ही कुठे. लपवायचं मला माझ्यासाठीच होतं. मुलीचं लग्न ही आयती मिळालेली सबब होती. ती स्वतः तिथेच बसून पोहे खात होती. तिला काय वाटतं हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही.

मग प्रश्न आला की गाडी बंद का, हे लोकांना काय सांगायचं. मी डावा गुडघा निवडला. क्लचचा पाय, म्हणजे शंकेला जागा नाही. मेडिकलमधून एक लांब क्रेप बँडेज आणलं आणि सुरुवातीचे काही आठवडे पँटवरून दिसेल असं बांधलं. जिना उतरताना कठड्याला धरायला लागलो. शेजारी आले, तेलांची नावं सांगून गेले. कोणी सांगितलं वजन कमी करा, कोणी सांगितलं मांडी घालून बसू नका. इतकी आपुलकी मला खऱ्या दुखण्यालाही मिळाली नसती, आणि प्रत्येक वेळी आभार मानताना मला स्वतःची किळस यायची.

पहिल्या मजल्यावरचे शेजारी माझ्याच वयाचे. त्यांची गाडी मी वर्षानुवर्षं हलवलेली. एका सकाळी ते पार्किंगमध्ये नवी गाडी घेऊन उभे होते. खांबांच्या मधून ती बाहेर काढायची त्यांची हिंमत होत नव्हती. मला पाहताच त्यांनी किल्ली पुढे केली. मी गुडघ्याकडे बोट दाखवलं.

"अहो, ऑटोमॅटिक आहे," ते म्हणाले. "डाव्या पायाला काही कामच नाही."

मी म्हणालो की आता उजवाही दुखतो. त्यांनी माझ्या दोन्ही पायांकडे पाहिलं. "मग उभे कसे आहात?" असं विचारून ते स्वतःच गाडीत बसले. गाडी काढताना आरसा खांबाला घासला. तो आवाज मी पाठमोरा होऊन जिना चढताना ऐकला. दोन्ही गुडघे दुखणाऱ्या माणसाने जितकं सावकाश चढायचं, तितकंच सावकाश चढत होतो.

मुलगी अठरा वर्षांची झाली. आमच्याकडे अठरा पूर्ण झाली की पोरी केकच्या आधी लायसन्सची चौकशी करतात. कॉलेज, क्लास, मैत्रिणी, सगळं दुचाकीवर. लहानपणापासून ती माझ्या गाडीवर पुढे उभी राहून फिरलेली, आणि तिला मीच शिकवणार हे ती शाळेत असतानाच ठरलेलं होतं. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून आम्ही दोघं लर्निंगचा अर्ज भरायला बसलो. नाव, पत्ता, रक्तगट झाला. मग आरोग्याच्या घोषणेचं पान आलं. तुम्हाला आकडी येते का, अचानक शुद्ध हरपण्याचा किंवा चक्कर येण्याचा त्रास आहे का?

तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

मला वाटलं, ती माझ्यामुळे थांबली आहे. तो प्रश्न माझ्यावरच कोणीतरी बोट ठेवल्यासारखा समोर आला होता, आणि तो मी वाचलाय हे तिला कळू नये, तिने वाचलाय हे मला कळलंय हेही तिला कळू नये, असं काहीतरी मनात चाललं होतं. मी चष्मा काढून पुसायला घेतला आणि म्हणालो, "नाहीवर टिक कर आणि पुढे चल."

तिने केली आणि पुढे गेली.

नदीकाठचा रस्ता रविवारी सकाळी मोकळा असतो. लग्नाच्या हॉलवाल्यांच्या कमानी सोडल्या तर अडथळा नाही. मागे परवानावाली म्हणून बायको बसायची आणि मी रस्त्याच्या कडेने सूचना देत चालायचो, कधी कधी गाडीबरोबर पळायचोही. त्या वेळी गुडघा आठवायचा नाही. मुलगी चांगली शिकत होती. वळणं सुंदर घ्यायची, ब्रेक अलगद लावायची. मला तिचा अभिमान वाटायचा, आणि खरं सांगायचं तर त्या तासाभरात मी पुन्हा पार्किंगमधला माणूस व्हायचो.

एकदा तिने वळण घेतलंच नाही. रस्ता डावीकडे वळत होता आणि ही सरळ निघाली, न घाबरता, न ब्रेक लावता, बांधकामाच्या वाळूच्या ढिगात जाऊन रुतली. दोघी आडव्या झाल्या. बायकोचं कोपर खरचटलं, मुलीला काही झालं नाही. ती वाळूत बसून समोर बघत होती. मी पळत गेलो आणि आधी गाडी उचलली. मग तिला सुनावलं. लक्ष कुठे असतं, रस्ता वळतो तेव्हा आपणही वळायचं असतं असा वाहतुकीचा नियम आहे, आईच्या वळणावर जाऊ नकोस, असं बरंच काही. ती एवढंच म्हणाली की विचारात होते. बायकोने कपडे झटकले आणि मला पुरे करायला सांगितलं. माझं पुरे झालं नाही, घरी येईपर्यंत मी बोलत होतो.

त्यानंतर काही दिवसांनी, संध्याकाळी आम्ही चहा घेत होतो. बायको शाळेतून आली नव्हती. मुलगी माझ्यासमोर बसून टेस्टबद्दल सांगत होती. तारीख मिळाली होती. बोलता बोलता ती मधेच थांबली. मी पेपरमध्ये होतो, उत्तरादाखल हूं म्हणालो. पुढचं वाक्य आलं नाही म्हणून वर पाहिलं. ती माझ्या दिशेने पाहत होती पण मला पाहत नव्हती. ओठ चघळल्यासारखे हलत होते आणि डावा हात ओढणीचं टोक चिवडत होता. कपातला चहा कलंडून टेबलावरून तिच्या मांडीवर गळत होता, तरी ती हलली नाही.

मी उठायच्या आत आई उठली. ती कॉटवर जप करत बसली होती. घाई नाही, हाक नाही. दाराशी गेली, खिळ्यावरून स्कूटरची किल्ली काढली, नातीजवळ आली, तिची बोटं उघडून किल्ली आत ठेवली आणि वरून आपला हात दाबून धरला. दुसऱ्या हाताने कप सरळ केला. भाजीला फोडणी द्यावी इतक्या सवयीने हे सगळं झालं. थोड्या वेळाने मुलीने डोळे मिटले, उघडले, मुठीतल्या किल्लीकडे पाहिलं. मग आजीकडे पाहिलं. आणि मग मी समोर बसलोय हे तिच्या लक्षात आलं.

ती पहिलीच वेळ नाही, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. तरी मी विचारलं. आईच बोलली. बारावीच्या परीक्षेच्या आधीपासून आहे. पडत नाही, हातपाय झाडत नाही, नुसती हरवते आणि परत येते. एकाचं निस्तरतंय तोवर दुसरं कशाला, म्हणून तिनेच नातीला सांगितलं होतं की बोलू नकोस. आणि लोखंडाने लगेच उतरतं. आई हे जरा समाधानाने म्हणाली.

मी मुलीला विचारलं, निदान मला का सांगितलं नाहीस. मला वाटतं माझा आवाज चढला होता.

"मी सांगणार होते, बाबा," ती म्हणाली. "अर्ज भरताना. तू म्हणालास, पुढे चल."

ती ओढणीने मांडीवरचा चहा पुसत राहिली. मग म्हणाली, "आणि आपल्या घरात हे सांगत नाहीत ना. तू गुडघा म्हणतोस."

मला वाळूचा ढीग आठवला. मी आधी गाडी उचलली होती, तेही आठवलं. तिच्यामागे तिची आई बसली होती आणि समोरून एखादा टँकर आला असता, तर मी दोघींच्या मागे पळत सूचना देत राहिलो असतो. आयुष्यात मला अनेकदा लाज वाटली आहे, त्यातली बरीचशी फुकट वाटली. ही लाज खरी होती.

बायको आल्यावर सगळं तिच्या कानावर घातलं. ती मुलीला जवळ घेऊन बसली. नंतर तिने स्कूटरची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. त्या दिवसापासून दाराशेजारच्या खिळ्याला काही नसतं.

मुलगी दोन दिवस भांडली. एकदाही पडलेली नाही, फक्त काही सेकंद जातात, टेस्ट तर होऊ दे, लायसन्स घरात ठेवते. मैत्रिणींना काय सांगू, हा तिचा खरा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नापुढे मला तोंड नव्हतं. मी तिला डॉक्टरांचंच वाक्य ऐकवलं, शुद्ध सांगून जात नाही. तिने विचारलं, तुला हे कधीपासून माहीत आहे? मी म्हणालो, त्या दसऱ्यापासून. "मग मला आत्ता सांगतोस?" असं म्हणून ती खोलीत गेली. शेवटी तिच्या आईशी बोलून ती डॉक्टरांकडे यायला तयार झाली. वेळ मिळाली ती नेमकी टेस्टच्या दिवशीची. बायकोच्या शाळेत परीक्षा होत्या, म्हणून मी रजा काढली.

आम्ही बसने जायला खाली उतरलो. मुलीने मनगटाला काहीतरी बांधलेलं होतं, बाही लांब असल्याने मी नीट पाहिलं नाही. पार्किंगमध्ये पहिल्या मजल्यावरचे शेजारी गाडीचा आरसा पुसत होते. घासलेली जागा त्यांनी अजून रंगवून घेतलेली नाही. त्यांना टेस्टची तारीख माहीत होती. मीच मोठ्या तोंडाने सांगितली होती.

"काय गं, आज परीक्षा ना तुझी?" त्यांनी विचारलं. "मग पायी कुठे?"

"नाही देत आज, काका," मुलगी म्हणाली. "मनगट दुखावलंय." आणि तिने बाही जरा वर करून दाखवली.

इतकं सफाईने तर मलाही कधी जमलं नव्हतं. आवाजात थोडी कळ, चेहऱ्यावर थोडी नाराजी, सगळं जिथल्या तिथे. मनगटाला माझं क्रेप बँडेज होतं. माझ्या कपाटातून तिने ते कधी काढलं कोण जाणे. व्यवस्थित फेरे देऊन, टोकाला चिमटा लावून बांधलेलं. शेजाऱ्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, तुमच्या घरात सांधे फारच नाजूक.

"माझे गुडघे दुखत नाहीत," मी म्हणालो. "मला आकडी येते. म्हणून मी गाडी चालवत नाही."

ते फडकं हातात धरून उभे राहिले. मला वाटलं होतं की बोलून टाकल्यावर हलकं वाटेल. तसलं काही झालं नाही. तिथून पळून जावंसं वाटत होतं. त्यांनी विचारलं, म्हणजे त्या दिवशी ऑटोमॅटिकच्या वेळी? मी होय म्हणालो. "बरं झालं मग नाही काढलीत," ते म्हणाले आणि आरसा पुसायला लागले. मुलगी फाटकाबाहेर गेली होती.

बसमध्ये खिडकीशी ती बसली, शेजारी मी. कर्वे रस्त्याला नेहमीची गर्दी होती आणि दोन्ही बाजूंनी दुचाकीवरच्या मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळून बसच्या पुढे निघून जात होत्या. ती त्यांच्याकडे पाहत होती. मी तिला सांगितलं की तुझं मी काही बोललेलो नाही, ते तुझं तू ठरव, कोणाला सांगायचं, कधी सांगायचं.

नळस्टॉप यायच्या आधी तिने बाही वर केली. चिमटा काढला आणि बँडेजचा एकेक फेरा सोडवत गेली. मनगट कोरं होतं. नुसते कापडाचे बारीक वळ उठले होते. तिने मांडीवर ठेवून ते बँडेज घट्ट गुंडाळलं, टोकाला चिमटा पुन्हा लावला आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीत टाकलं.

"तुझं आहे, बाबा," ती म्हणाली.